फिलिदोर आणि त्याच्या नांवाची मात

बुद्धिबळें खेळणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सुंदर मात ठाऊक असेल. प्रतिपक्षाचा राजा कोपऱ्यांत आहे. त्याच्या पुढें त्याचींच प्यादीं उभीं आहेत. आपला वजीर राजाच्या अगदीं शेजारच्या घरांत जाऊन शह देतो. वजिरास घोड्याचा जोर असल्यामुळें राजाला त्यास मारतां येत नाहीं. तें काम हत्तीलाच करावें लागतें. हत्ती त्या घरांत येतांच राजाची उरलेली वाटही बंद होते. मग घोडा उडी घेऊन शह देतो, आणि आपल्याच सैन्यानें कोंडलेल्या राजावर मात होते. या डावपेचाला फ्रान्समधील विख्यात खेळाडू फिलिदोर याचें नांव पडलें आहे.

फ्रान्स्वा आंद्रे दानिकां फिलिदोर याचा जन्म १७२६ सालीं गायक-वादकांच्या घराण्यांत झाला. बालपणींच तो व्हर्साय येथील राजाच्या प्रार्थनामंदिरांत गाऊं लागला. उपासनेची वेळ होईपर्यंत तेथील वादक बुद्धिबळें खेळत बसत. तें पाहतां पाहतां हा मुलगा खेळ शिकला. पुढें पॅरिसमधील 'काफे द ला रेजांस' या उपाहारगृहांत लेगाल नांवाच्या श्रेष्ठ खेळाडूचें शिष्यत्व त्यास लाभलें. प्रारंभीं लेगाल आपला एक हत्ती कमी करून त्याच्याशीं खेळे. कांहीं वर्षांतच शिष्यानें गुरूची बरोबरी केली, आणि १७५५ सालीं त्यास जिंकलें.

१७४५ सालीं तो संगीताच्या कार्यक्रमासाठीं हॉलंडांत गेला. परंतु तो बेत मोडला व परमुलखांत हातीं पैसा उरला नाहीं. तेव्हां बुद्धिबळानेंच त्याला पोटापुरतें मिळवून दिलें. १७४७ सालीं लंडन येथें त्यानें अलेप्पो शहरच्या स्टामा या नामांकित खेळाडूचा पराभव केला. पटाकडे न पाहतां तो एकाच वेळीं तीन डाव खेळत असे. त्याचा मित्र दिदेरो या तत्त्ववेत्त्यानें, बुद्धीवर असा ताण घालूं नये, म्हणून १७८२ सालीं त्यास पत्रानें विनविलें होतें. संगीतांतही त्याचा लौकिक मोठा होता; 'टॉम जोन्स' ही त्याची संगीतिका १७६५ सालीं रंगभूमीवर आली.

आरंभीं सांगितलेली मात मात्र त्यानें शोधलेली नाहीं. लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या १४९७ सालच्या ग्रंथांत ती आढळते. फिलिदोरची खरी देणगी निराळीच आहे. १७४९ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें बुद्धिबळावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वीच्या ग्रंथांत बहुधा नुसत्या चाली दिलेल्या असत. यानें चालींमागील कारणें समजावून दिलीं. क्षुद्र मानलेल्या प्याद्यांच्या मांडणीवरच डावाचें यश अवलंबून असतें, हें त्यानें दाखवून दिलें.

त्याचा अंतकाळ दुःखाचा झाला. दरवर्षीं कांहीं महिने तो खेळण्यासाठीं लंडनला जाई. १७९२ सालीं तो असाच गेला. पण फ्रान्समध्यें राज्यक्रांति पेटली होती. देशत्याग केलेल्या लोकांच्या यादींत त्याचें नांव चढलें आणि परतीचा मार्ग खुंटला. बायकोमुलें पॅरिसमध्यें असतां, ऑगस्ट १७९५ मध्यें, लंडन येथेंच त्यानें देह ठेवला.

विद्यार्थिमित्रांनो, ही मात पटावर मांडून पाहाल, तेव्हां चाली पाठ करून थांबूं नका. राजाच्या वाटा किती, त्या कोणीं अडविल्या, वजीर देऊन काय साधलें, हें प्रत्येक चालीला स्वतःस विचारा. फिलिदोरनें ग्रंथ लिहिला तो हेंच शिकविण्यासाठीं.