दह्याच्या वाटीत दीर्घायुष्य शोधणारे मेचनिकॉफ

१८६९ सालची गोष्ट. क्षयाने खंगलेल्या नवरीला खुर्चीत बसवून चर्चमध्ये आणावे लागले. नवरदेव होते चोविशीच्या आतबाहेरचे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ. जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधील खारकॉव्हजवळचा. हवापालटासाठी त्यांनी ल्युदमिलाला उबदार प्रदेशांत नेले, पण १८७३ मध्ये मदिरा बेटावर ती गेली. मेचनिकॉफ यांनी स्वतःचे आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो फसला. पुढे १८८१ मध्येही निराशेच्या भरात त्यांनी जीवघेण्या तापाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यातूनही वाचले.

जगणे नकोसे झालेल्या याच माणसाने १९०३ साली वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेरोंटॉलॉजी’ हे नाव दिले!

मधल्या काळात काय घडले? १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना गावी घरची मंडळी सर्कशीला गेली होती. एकटे बसलेल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत बागेतला काटा टोचला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. शरीरात शिरलेल्या जंतूंना आपल्याच पेशी गिळतात, हे सूत्र त्यांना गवसले. त्यासाठी १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिश यांच्यासह मिळाले.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. (परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते प्लेगच्या लशीचे हाफकिन हे त्यांचे ओडेसातले विद्यार्थी.) तिथे त्यांनी तर्क मांडला : मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्याचे विष अंगात भिनते आणि मग रक्षक पेशीच आपल्या शरीरावर उलटतात. केस पिकणे त्यातलेच. बल्गेरियातील शेतकरी दही खाऊन दीर्घकाळ जगतात, असे त्यांच्या ऐकिवात होते. मग दह्याच्या आंबट जंतूंनी कुजवणारे जंतू का हटू नयेत? १९०४ च्या त्यांच्या व्याख्यानानंतर पॅरिसकर दह्यामागे धावले. जेवणाअखेर ताकभात खाणाऱ्या आपल्या आजीला यात काही नवल वाटले नसते. मात्र याच विषाच्या धास्तीपायी लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन रुग्णांची मोठी आतडी कापून काढू लागले, ही त्या काळाची काळी बाजू.

दह्याचा तो बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम ठोकत नाही, असे पुढे दिसून आले. उत्तर चुकले; पण बोट त्यांनी बरोबर जागी ठेवले होते. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी वार्धक्याच्या बारा खुणांची यादी केली. तिच्यात रेंगाळणारा दाह आहे आणि आतड्यातील जंतूंचा बिघडलेला समतोलही आहे.

मेचनिकॉफ स्वतः वर्षानुवर्षे आंबवलेले दूध पीत. १९१३ पासून हृदय कुरकुरू लागले. शेवटच्या आजारात त्यांनी डॉक्टर मित्राला बजावून ठेवले, की मृत्यूनंतर माझी आतडी नीट तपासा. १५ जुलै १९१६ रोजी, ७१ व्या वर्षी ते गेले. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आली.