निकोलाय कोरोत्कोव्ह

निकोलाय सर्गेयेविच कोरोत्कोव्ह (फेब्रुवारी, इ.स. १८७४ - १४ मार्च, इ.स. १९२०) हे रशियन शल्यचिकित्सक होते. दंडाला बांधलेला पट्टा आणि स्टेथोस्कोप यांच्या साहाय्याने, धमनीतील आवाज ऐकून रक्तदाब मोजण्याची पद्धत त्यांनी इ.स. १९०५ मध्ये मांडली. या आवाजांना 'कोरोत्कोव्ह ध्वनी' असे म्हणतात.

प्रारंभिक जीवन

कोरोत्कोव्ह यांचा जन्म रशियातील कुर्स्क येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ खारकोव्ह विद्यापीठात केला आणि इ.स. १८९८ मध्ये मॉस्को विद्यापीठातून पदवी मिळवली. इ.स. १९०० मध्ये चीनमधील बॉक्सर बंडाच्या काळात ते रेडक्रॉसच्या पथकाबरोबर अतिपूर्वेकडे गेले. पुढे प्राध्यापक सर्गेय फ्योदोरोव्ह यांनी त्यांना सेंट पीटर्सबर्ग येथील लष्करी वैद्यकीय अकादमीत साहाय्यक म्हणून बोलावले.

युद्धभूमीवरील प्रश्न

रशिया-जपान युद्धात (इ.स. १९०४-०५) कोरोत्कोव्ह मांचुरियातील हार्बिन येथे शल्यचिकित्सक होते. गोळी लागून धमनीला इजा झालेले आणि त्या जागी रक्ताने भरलेली फुगवटी तयार झालेले अनेक सैनिक त्यांच्याकडे येत. अशा वेळी धमनी बांधून टाकावी लागे. पण मुख्य वाहिनी बंद केल्यावर आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून पुरेसे रक्त पोहोचले नाही, तर हात किंवा पाय सडण्याचा धोका असे. अवयव वाचेल की नाही हे शस्त्रक्रियेपूर्वी ओळखण्याचा मार्ग ते शोधत होते. त्यासाठी इजा झालेल्या वाहिन्यांवर स्टेथोस्कोप ठेवून ते लक्षपूर्वक ऐकत असत. रक्तदाब मोजण्याची पद्धत याच शोधातून निघाली.

शोध

इटालियन वैद्य शिपियोने रिव्हा-रोच्ची यांनी इ.स. १८९६ मध्ये हवा भरता येणारा पट्टा आणि पाऱ्याचा दाबमापक यांचे उपकरण तयार केले होते. मात्र मनगटाची नाडी बोटांनी चाचपून त्यावर केवळ वरचा, म्हणजे आकुंचनकालीन, रक्तदाब कळत असे.

कोरोत्कोव्ह यांनी नाडी चाचपण्याऐवजी पट्ट्याच्या खालच्या बाजूस धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला. पट्टा पूर्ण आवळलेला असताना रक्तप्रवाह थांबतो आणि काहीच ऐकू येत नाही. हवा हळूहळू सोडल्यावर पट्ट्याचा दाब धमनीतील कमाल दाबाहून कमी होताच प्रत्येक ठोक्याबरोबर थोडे रक्त पुढे निसटते व पहिला आवाज येतो. हा वरचा रक्तदाब होय. दाब आणखी उतरल्यावर धमनी सतत उघडी राहते आणि आवाज नाहीसा होतो. हा खालचा, म्हणजे प्रसरणकालीन, रक्तदाब होय.

हे निरीक्षण त्यांनी जुन्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे ८ नोव्हेंबर १९०५ रोजी अकादमीच्या सभेत मांडले. प्रसिद्ध झालेले टिपण तीनशेहून कमी शब्दांचे होते. हे आवाज हृदयातून येत असावेत, असा आक्षेप काहींनी घेतला. त्यावर कोरोत्कोव्ह यांनी प्राण्यांवर प्रयोग करून ते धमनीतच निर्माण होतात हे दाखवले. प्राध्यापक मिखाईल यानोव्हस्की यांनी पद्धतीची पडताळणी करून तिचा पुरस्कार केला.

उत्तरायुष्य

यानंतर कोरोत्कोव्ह सायबेरियातील खाणप्रदेशात डॉक्टर म्हणून गेले. धमन्यांच्या पर्यायी रक्तपुरवठ्यावरील प्रबंधासाठी इ.स. १९१० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. लेना येथील सोन्याच्या खाणींतही त्यांनी शल्यचिकित्सक म्हणून काम केले. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले आणि क्रांतीनंतर पेत्रोग्राद येथील मेचनिकोव्ह रुग्णालयात ते वरिष्ठ डॉक्टर होते. वयाच्या ४६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महत्त्व

उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही लक्षणे न दाखवता वाढत राहतो आणि पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार यांना कारण ठरतो. त्यामुळे तो मोजल्याशिवाय कळत नाही. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजमापांत वरचा दाब १४० किंवा खालचा ९० मिलिमीटर पारा अथवा त्याहून अधिक आढळल्यास सामान्यतः उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. मोजण्यापूर्वी सुमारे पाच मिनिटे शांत बसणे, पाठ व हात टेकवणे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवणे आणि दंडाच्या घेराला योग्य असा पट्टा वापरणे आवश्यक असते. पट्टा अरुंद असल्यास आकडा खोटा वाढतो.

उपचारांची दिशाही याच दोन आकड्यांवरून ठरते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवणे, वजन आटोक्यात आणणे, नियमित व्यायाम करणे आणि मद्यपान टाळणे यांमुळे रक्तदाब उतरण्यास मदत होते. तंबाखू सोडल्याने हृदयविकाराचा धोका घटतो. एवढ्याने भागत नसेल किंवा धोका मुळातच अधिक असेल, तर मूत्रल औषधे, कॅल्शियम मार्गरोधक यांसारखी औषधे दिली जातात. ती बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागतात. रक्तदाब उतरला म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद केल्यास तो पुन्हा वाढू शकतो.

आज घरोघरी वापरली जाणारी स्वयंचलित यंत्रे बहुधा आवाजांऐवजी पट्ट्यातील दाबाची कंपने टिपतात. तरीही त्यांची अचूकता तपासताना कोरोत्कोव्ह ध्वनींवर आधारलेले मोजमाप प्रमाण मानले जाते.