कै. द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव

ज्या मनुष्याचे पाय ऐन तारुण्यात कायमचे निकामी झाले, त्याच्याच लेखणीने मराठी वाचकांस डोंगरी किल्ले चढविले आणि समुद्रावर नेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खेड्यांत संध्याकाळी दिव्याभोवती बसून ज्यांच्या कादंबऱ्या एकाने वाचाव्या व दहांनी ऐकाव्या, अशा लेखकांत नाथमाधव ह्यांचे नाव अग्रभागी होते. परंतु पुस्तक ठाऊक आणि पुस्तककर्ता अपरिचित असे पुष्कळदा होते. म्हणून त्यांचे अल्पचरित्र येथे देत आहो.

त्यांचे संपूर्ण नाव द्वारकानाथ माधव पितळे. स्वतःच्या नावाचा शेवट व वडिलांचे नाव ह्यांची सांगड घालून त्यांनी नाथमाधव हे टोपणनाव घेतले. त्यांचा जन्म मुंबई येथे ता. ३ एप्रिल १८८२ रोजी झाला. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी कुलाब्यास तोफांचे गाडे तयार करण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. पुढे ज्याने लढायांच्या कथा लिहिल्या, त्याच्या पोटापाण्याचा आरंभ लढाईच्या सामानाच्या कारखान्यातच झाला. अंगात उत्साह भरपूर, आणि शिकारीचा नाद मोठा. रानावनांत व डोंगरकपारींत हिंडावे ह्यातच त्यांस आनंद वाटे.

सन १९०५ मध्ये ते शिकारीकरिता सिंहगडाकडे गेले असता कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, परंतु कमरेखालचे शरीर लुळे पडले. वय अवघे तेवीस वर्षांचे. ज्या गडावर १६७० साली तानाजी मालुसरे ह्यांनी रात्री कडा चढून जाऊन किल्ला जिंकून दिला व स्वतःचा देह ठेवला, त्याच गडाने ह्या तरुणाचे चालणे, धावणे, शिकार सारे एका क्षणात हिरावून घेतले. तानाजीच्या वाट्यास वीरमरण आले. ह्यांच्या वाट्यास मात्र दुसऱ्याच्या आधारावाचून हलता येत नाही असे जिणे आले. रणात एकदा मरावयास धैर्य लागते, तसे अंथरुणावर दररोज जगावयासही लागते, आणि ह्या दुसऱ्या धैर्याचे पोवाडे सहसा कोणी गात नाही.

पाय गेले, पण डोळे, हात व बुद्धी शाबूत होती. नाथमाधवांनी वाचनाचा आश्रय केला, आणि वाचता वाचता लेखणी उचलली. त्यांची पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' १९०८ साली, म्हणजे अपघातानंतर तीनच वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

ऐतिहासिक कादंबरीची वाट त्यांच्या आधी मळलेली होती. रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांची 'मोचनगड' १८७१ साली निघाली, ती मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. त्यानंतर हरि नारायण आपटे ह्यांनी 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' वगैरे ग्रंथ लिहून ह्या प्रकारास प्रतिष्ठा आणिली. युरोपात हा प्रकार लोकप्रिय करणारे स्कॉटलंडचे सर वॉल्टर स्कॉट हेही बाळपणीच्या दुखण्याने एका पायाने अधू होते, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

नाथमाधवांची 'वीरधवल' ही अद्भुत व शौर्याने भरलेली कादंबरी १९१३ साली आली आणि घरोघर वाचली गेली. पुढे त्यांनी शिवकालावर 'स्वराज्य' ह्या नावाची माला हाती घेतली. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशी तिच्या ग्रंथांची नावे एकामागून एक वाचली, तरी राज्य कसे उभे राहते व कशाने धोक्यात येते ह्याचा क्रम कळतो. मालेतील शेवटचे नाव 'स्वराज्यातील दुफळी' असे आहे. परचक्रापेक्षा घरातली फूट अधिक घातक, हा बोध त्या एका नावातच आहे, आणि तो कोणत्याही घरास, गावास व मंडळीस लागू पडतो.

युद्धकथा केवळ जमिनीवरची नव्हे. 'सावळ्या तांडेल' ही नाथमाधवांची आणखी एक कादंबरी. तांडेल म्हणजे गलबतावरील खलाशांचा नायक. आपल्या कन्हानच्या पात्रात डोंगा हाकणारे ढीवर बांधव पाण्याचा स्वभाव जाणतात, परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांस खांदेरीची गोष्ट सांगितली असता तांडेलाची योग्यता कळेल. सन १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी बांधण्यास आरंभ केला. इंग्रजांनी मोठी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. परंतु मोठे जहाज वाऱ्याचे बांधील, वारा पडला की जागच्या जागी उभे. मराठ्यांच्या होड्या हलक्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या व उथळ पाण्यात शिरणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या बेटावर अन्न व सामान पोहोचवीत राहिल्या. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांस वेढा उठवावा लागला. मायनाक भंडारी व दौलतखान ह्या सरदारांची नावे इतिहासात राहिली. वल्ही मारणाऱ्या कोळी व भंडारी लोकांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. अशा वेळी एका तांडेलाचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर यावे, हे लहान लोकांच्या दृष्टीने मोठेच होय.

नाथमाधवांनी सामाजिक कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांपैकी तीन भागांची 'डॉक्टर' विशेष गाजली. स्त्रीशिक्षण व समाजसुधारणा ह्या विषयांकडे त्यांचे लक्ष होते, हे तीवरून दिसते.

अशी पुस्तके वाचून दाखविणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र सांभाळावी. कादंबरी म्हणजे बखर नव्हे. राजे, किल्ले व साल खरे असतात, पण पुष्कळ पात्रे व जवळजवळ सारे संभाषण लेखकाने रचलेले असते. ऐकणाऱ्यांस हा भेद सांगावा, म्हणजे कथेचा आनंदही राहतो आणि सत्याचीही हानी होत नाही. तसेच पुस्तकातील लढाई पानाबरोबर संपते, खरी लढाई तशी संपत नाही. आपल्या नदीच्या पैलतीरी कामठीची छावणी १८२१ पासून आहे. शिपायाचे घर म्हणजे काय, पत्र न आल्यास त्या घरी चूल कशी पेटत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. शौर्याची कथा अवश्य वाचावी, परंतु कड्याखाली पडलेल्याचे पुढे काय झाले, हेही विचारीत जावे.

नाथमाधवांच्या बाबतीत ह्या प्रश्नास उत्तर आहे. १९०८ पासून वीस वर्षे त्यांची लेखणी चालली. ता. २१ जून १९२८ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. तारुण्यात कड्यावरून पडला तेव्हा ज्याच्या हाती काहीच उरले नाही असे दिसले, त्याने जाताना ग्रंथांची मोठी रास मागे ठेविली.

आपल्या गावांतही खाटेस खिळलेले, अपघाताने अधू झालेले, कोणाच्या लेखी निरुपयोगी ठरलेले बंधुभगिनी आहेत. त्यांच्याकडे जाताना केवळ कीव घेऊन जाऊ नये. एखादे पुस्तक, एखादी पाटी, एखादे हातकाम घेऊन जावे, आणि त्यांच्यापाशी काय शिल्लक आहे ते आधी पाहावे. गेलेले तर सर्वांसच दिसते.