पहाटेचे रंग

भर दुपारच्या उन्हातून एकदम काळोख्या खोलीत पाऊल टाकले, की क्षणभर काहीच दिसेनासे होते. थोडा वेळ गेला, की भिंती, कोनाडे, भांडीकुंडी एकेक करून आकार घेऊ लागतात. हा अनुभव कोणाला नाही? परंतु नित्य घडणाऱ्या गोष्टीपाशी थांबून तिचा विचार करण्याची वृत्ती फार थोड्यांच्या ठायी असते. यान पुर्किन्ये हा शास्त्रज्ञ अशा थोड्यांपैकी एक होता.

यानचा जन्म १७८७ च्या डिसेंबर महिन्यात बोहेमियातील लिबोखोविट्से या गावी झाला. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. त्या काळी तेथे हाब्सबुर्ग घराण्याचे राज्य होते. घरी चेक भाषा बोलली जाई. विद्येचा आणि दरबाराचा व्यवहार मात्र जर्मन भाषेत चाले. यानचे वडील एका जमीनदाराच्या मिळकतीवर कारभारी होते. यान लहान असतानाच ते वारले आणि घरात दारिद्र्य आले. मुलाचा गळा गोड होता. म्हणून दहाव्या वर्षी त्याला दूर मिकुलोव्ह येथील मठात, प्रार्थनेच्या वेळी गाणाऱ्या मुलांच्या मेळ्यात ठेवण्यात आले. अशा रीतीने त्याच्या शिक्षणाची सोय झाली.

पुढे तो त्याच धर्मसंघात दाखल झाला आणि मुलांना शिकवू लागला. अन्नवस्त्राची चिंता मिटली होती. पण स्वतंत्रपणे ज्ञान मिळवण्याची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. धर्मगुरूची दीक्षा घेण्यापूर्वीच, १८०७ मध्ये त्याने संघ सोडला. श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या करीत तो प्राग येथे शिकला आणि वैद्यकाकडे वळला.

डोळा कसा पाहतो, हे त्याला शोधायचे होते. परंतु उपकरणे घेण्यास पैसा कोठून आणावा? अखेर त्याने स्वतःच्या डोळ्यांचीच प्रयोगशाळा केली. अंधारात डोळ्याजवळ मेणबत्ती हलवली असता झाडाच्या फांद्यांसारखी एक आकृती समोर उमटते, असे त्याला आढळले. त्या होत्या त्याच्याच डोळ्यातील रक्तवाहिन्यांच्या सावल्या! या निरीक्षणांवरील त्याचा प्रबंध १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८२३ मध्ये पुर्किन्ये यांची ब्रेस्लाउ येथील विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. हे शहर तेव्हा प्रशियात होते. आज ते पोलंडमध्ये असून त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. तेथील सहकाऱ्यांना हा परका माणूस नकोसा होता. पुर्किन्ये मात्र वादात न पडता कामाला लागले.

एकदा पहाटे, उजाडण्यापूर्वी, ते निरनिराळे रंग समोर ठेवून पाहत बसले. प्रथम सारेच काळे आणि करडे दिसत होते. हळूहळू उजेड वाढू लागला, तेव्हा सर्वांआधी निळा रंग ओळखू आला. दिवसा निखाऱ्यासारखा झळकणारा लाल रंग मात्र बराच वेळ काळाकुट्टच राहिला. रंग तेच होते, पाहणाराही तोच होता. तरी उजेडाबरोबर रंगांचे तेज बदलत होते. १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी हे नमूद केले. आज या घटनेला पुर्किन्ये परिणाम असेच म्हणतात.

याचे कारण पुढच्या संशोधकांनी उलगडले. आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी अंधुक प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत. मात्र निळसर-हिरव्या प्रकाशाची चाहूल त्यांना सर्वांत लवकर लागते आणि लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. म्हणूनच तिन्हीसांजेला बागेतील लाल फूल काळवंडते आणि निळे फूल उजळ भासते. काळोखात गेल्यावर डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते; परंतु तेवढ्याने भागत नाही. दंडाकार पेशींत एक जांभळट लाल द्रव्य असते. ते उजेडात फिके पडते आणि अंधारात पुन्हा तयार होते. फ्रांझ बोल या शास्त्रज्ञाने हे १८७६ मध्ये दाखवले. हे द्रव्य पुरेसे साठण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. तोवर काळोखात धीर धरावाच लागतो.

पुर्किन्ये यांच्या आयुष्यातही असा काळोख आला. त्यांच्या दोन मुली बालपणीच दगावल्या आणि १८३५ मध्ये पत्नीही निवर्तली. दोन लहान मुलगे मागे उरले. या दुःखातही त्यांनी संशोधन सोडले नाही. १८३२ मध्ये त्यांना एक उत्तम सूक्ष्मदर्शक मिळाला होता. त्याच्या साहाय्याने त्यांनी लहान मेंदूतील मोठ्या पेशींचा शोध लावला. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८३९ मध्ये ब्रेस्लाउ येथे शरीरक्रियाविज्ञानाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. ज्या विद्यापीठाने त्यांचे स्वागत केले नव्हते, तेच विद्यापीठ आता त्यांच्यामुळे नावाजले गेले.

१८५० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, ते प्रागला परतले. विज्ञान केवळ परक्या भाषेत कोंडून राहू नये, असे त्यांना मनापासून वाटे. म्हणून १८५३ मध्ये त्यांनी चेक भाषेत 'झिवा' हे विज्ञानविषयक नियतकालिक काढण्यात पुढाकार घेतला. २८ जुलै १८६९ रोजी प्राग येथे त्यांचे निधन झाले.

पुर्किन्ये यांच्यापाशी आरंभी धन नव्हते, साधने नव्हती. होते ते दोन डोळे आणि त्यांचा डोळसपणे उपयोग करण्याची जिद्द. सूर्योदयापूर्वीचा अंधुक उजेड सर्वांनाच दिसतो. परंतु त्यांनी तो पाहिला.