नेव्हिल डिसूझा : मेलबर्न गाजवणारा मुंबईकर

भातकापणी आटोपली की जांभूळसारख्या आपल्या भागातल्या गावांत रिकाम्या खाचरांतून क्रिकेटचे डाव रंगू लागतात. मुंबई तर क्रिकेटची पंढरीच. या पंढरीत दुसऱ्या खेळाच्या देवाला जागा मिळणे कठीण! म्हणूनच ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू मुंबईचा होता, हे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटत नाही. त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसूझा.

नेव्हिलचा जन्म 3 सप्टेंबर 1932 रोजी मुंबईत, मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबात झाला. घरातच खेळाचे वातावरण होते. त्याचा भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला. नेव्हिल हॉकीही चांगली खेळे, पण नाव झाले ते फुटबॉलमध्ये. युरोपात तेव्हा धंदेवाईक फुटबॉल चांगलाच रुजला होता. आपल्याकडे मात्र फुटबॉलवर कोणाचे पोट भरत नसे. मोठ्या कंपन्या आपापले संघ बाळगीत, चांगल्या खेळाडूला नोकरी देत आणि नोकरी सांभाळून त्याने खेळावे अशी अपेक्षा असे. नेव्हिलही टाटा स्पोर्ट्‌स क्लब आणि कॅलटेक्स या अशाच संघांकडून खेळला. 1954 साली मुंबईने सेनादलाला हरवून संतोष करंडक जिंकला. 1958 साली कॅलटेक्सने रोव्हर्स चषक पटकावला. 1891 साली सुरू झालेली ही स्पर्धा म्हणजे तेव्हा मुंबईच्या फुटबॉलचा मोठा उत्सव असे आणि कूपरेजचे मैदान हे त्याचे घर होते.

नेव्हिलची जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे आघाडीच्या फळीत अगदी मधली. हे काम मोठे अवघड असते. सबंध सामन्यात गोल करण्याची संधी दोन-चार वेळाच येते आणि तीही क्षणभर. ती साधली तर जयजयकार, हुकली तर प्रेक्षकांच्या शिव्या. बचावपटूंच्या गर्दीत चेंडू कोठे पडेल हे इतरांच्या आधी ओळखणे, हीच या जागेवरची खरी विद्या. नेव्हिलला ती चांगलीच साधली होती.

परंतु त्याच्या पराक्रमाची कथा सांगायची तर आणखी एका माणसाला विसरून चालणार नाही. तो माणूस म्हणजे भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे रहीमसाहेब पेशाने शिक्षक. 1952 सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच संघाचा युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडवला होता. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. एखादा प्रशिक्षक एवढ्या पराभवाने खचून गेला असता. रहीमसाहेबांनी मात्र त्यापासून धडा घेतला. खेळाडूंनी बूट घालून खेळावे, चेंडू घेऊन एकट्याने धावण्यापेक्षा तो साथीदाराकडे द्यावा, यावर त्यांनी भर दिला.

या मेहनतीचे फळ 1956 साली मेलबर्न येथे मिळाले. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली आणि 1 डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. 9व्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. 33व्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा गोल. पुन्हा मॉरोने बरोबरी केली. मध्यंतरानंतर 50व्या मिनिटाला नेव्हिलने तिसऱ्यांदा चेंडू जाळ्यात धाडला. शेवटी कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू याने चौथा गोल करून 4-2 असा विजय पक्का केला. ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत पोहोचलेला हा पहिला आशियाई संघ!

उपान्त्य सामन्यात समोर कोण, तर तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा! मध्यंतरापर्यंत त्यांना एकही गोल करता आला नाही. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात पहिला गोल झाला, तोही भारताचा आणि नेव्हिलच्याच पायातून. ती आघाडी फार काळ टिकली नाही. भारत 4-1 असा हरला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 अशी मात केली. पदक हुकले, चौथा क्रमांक पदरी पडला. भारताने या स्पर्धेत एकूण पाच गोल केले. त्यांपैकी चार एकट्या नेव्हिलचे. सर्वाधिक गोलांचा मान त्याने युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्यासह मिळवला.

कोणी म्हणेल, अनेक संघांनी माघार घेतली होती, स्पर्धेत उतरले केवळ 11 संघ. मग या चौथ्या क्रमांकाचे एवढे कौतुक कशाला? शंका रास्त आहे. पण ऑस्ट्रेलियाला नमवले ते मैदानावरच, आणि ऑलिंपिक आटोपताच सिडनीतील सामन्यात त्याच ऑस्ट्रेलियाला भारताने 7-1 असे हरवले. दैवाने दार उघडले असेल, आत पाऊल टाकले ते स्वतःच्या बळावर.

पुढे काय झाले? रहीमसाहेबांनी 1962 साली जकार्ता येथे भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांना आपल्यातून नेले. 1960 सालच्या रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही. नेव्हिल 1980 च्या मार्चमध्ये गेला, तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती. रहीमसाहेबांच्या जीवनावर 2024 साली हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्या संघाची ओळख झाली. वांद्र्याच्या फुटबॉल मैदानाला नेव्हिलचे नाव दिले आहे, हे त्यातल्या त्यात समाधान.

गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते, त्याला घडवणाऱ्याचे लागत नाही, ही खेळाची जुनी रीत. पण घडवणारा गेला आणि त्याची जागा घेणारे तयार झाले नाहीत, की फलकावर लागणारी नावेही हळूहळू कमी होत जातात. मेलबर्ननंतरच्या भारतीय फुटबॉलचे असेच झाले. नेव्हिलसारखे पाय आजही कोणत्या तरी गावच्या खाचरांत धावत असतील. त्यांना हवा आहे हरल्यानंतर चार वर्षे धीराने शिकवणारा एखादा रहीम.