मागे उरलेली लेखिका : मेरी शेली

साऱ्या जगात साथ पसरली आहे, शहरे ओस पडली आहेत आणि मोजकी माणसे जीव वाचवण्यासाठी धडपडत आहेत, अशा गोष्टी आपण सिनेमात आणि पुस्तकांत नेहमी पाहतो. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा त्यातले थोडेसे आपण सर्वांनी अनुभवलेही. पण अशी एक मोठी कादंबरी इंग्लंडमध्ये १८२६ सालीच प्रसिद्ध झाली होती. ती लिहिणारी विधवा तेव्हा अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. तिचे नाव मेरी शेली. ‘फ्रँकेन्स्टाईन’ची लेखिका म्हणून जग तिला ओळखते. ‘द लास्ट मॅन’ म्हणजे ‘शेवटचा माणूस’ ही तिची कादंबरी मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ती समजायची असेल तर आधी तिचे आयुष्य माहीत असायला हवे.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील विल्यम गॉडविन हे नावाजलेले विचारवंत होते. आई मेरी वोलस्टनक्राफ्ट हिने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहून मुलींच्या शिक्षणाची बाजू ठामपणे मांडली होती. पण मेरीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशीच आई बाळंतपणातल्या तापाने वारली. मेरीला नियमित शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. वडिलांची पुस्तकांची कपाटे हीच तिची शाळा. सेंट पँक्रसच्या दफनभूमीत आईच्या कबरीजवळ बसून ती वाचत असे. ज्या आईला तिने कधी पाहिले नाही, तिची ओळख तिला पुस्तकांतूनच झाली.

सोळाव्या वर्षी, १८१४ मध्ये, ती कवी पर्सी शेली याच्याबरोबर घर सोडून युरोपात गेली. तो आधीच विवाहित होता, त्यामुळे वडिलांनी तिच्याशी बोलणे टाकले. पर्सीच्या पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर, १८१६ च्या डिसेंबरमध्ये, त्यांचे लग्न झाले.

त्याच वर्षीचा उन्हाळा त्यांनी जिनिव्हाच्या सरोवराकाठी घालवला होता. १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्याचे परिणाम पुढच्या वर्षी युरोपच्या हवामानावर दिसले. थंडी आणि पाऊस थांबेना. घरात अडकलेल्या मंडळींना लॉर्ड बायरन या कवीने भुताची गोष्ट लिहिण्याचे आव्हान दिले. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ जन्मली. ती १ जानेवारी १८१८ रोजी लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली.

पण या यशाबरोबर घरात मृत्यू येतच राहिले. पहिली मुलगी १८१५ मध्ये जन्मून काही दिवसांतच गेली होती. १८१८ मध्ये एक वर्षाची क्लारा व्हेनिसमध्ये वारली. १८१९ मध्ये तीन वर्षांचा विल्यम रोममध्ये तापाने गेला. त्याच वर्षी जन्मलेला पर्सी फ्लोरेन्स हा एकच मुलगा जगला. ८ जुलै १८२२ रोजी पर्सी शेलीची बोट इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाली आणि तो गेला. मेरी तेव्हा चोवीस वर्षांची होती. १८२४ मध्ये बायरनही गेला. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात मदत करायला तो गेला होता आणि तिथेच तापाने त्याचा मृत्यू झाला. जिनिव्हाच्या त्या घरात एकत्र बसलेल्यांपैकी बहुतेक जण आता उरले नव्हते. शेवटच्या माणसाला काय वाटत असेल हे आपण चांगले लिहू शकू, अशा अर्थाची नोंद तिने त्याच सुमारास आपल्या रोजनिशीत केली.

‘द लास्ट मॅन’ची कथा एकविसाव्या शतकाच्या अखेरीस घडते. इंग्लंडमध्ये राजा उरलेला नाही, तिथे प्रजासत्ताक आहे. लोक बलूनमधून प्रवास करतात, पण जमिनीवर अजून घोडेच आहेत. रोगजंतूंचा शोध मेरीच्या काळी लागलेला नव्हता, म्हणून तिच्या कथेतली साथ हवेतून येते आणि कोणताही बंदोबस्त तिला अडवू शकत नाही. कथा सांगणारा लायोनेल व्हर्नी आजारी पडूनही बरा होतो. त्याचा मित्र एड्रियन हा देशाचा प्रमुख होतो. श्रीमंतांच्या बागा नांगरून धान्य पिकवले जाते. आजाऱ्यांमध्ये एड्रियन स्वतः फिरतो. बाहेरून लुटारूंच्या टोळ्या येतात आणि लढाई सुरू होणार तेव्हा तो दोन्ही फौजांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. एवढी थोडी माणसे उरलेली असताना एकमेकांना मारायचे कशाला, हे तो दोन्ही बाजूंना पटवतो. आपल्यासारख्या कॅडेटनी हे प्रकरण जरूर वाचावे. नेतृत्व म्हणजे काय, ते त्यात दिसते. उलट पॅरिसमध्ये एक ढोंगी माणूस स्वतःला प्रेषित म्हणवतो आणि माझ्या अनुयायांना साथ होणार नाही असे सांगून त्यांना फसवतो. संकटात दोन्ही प्रकारची माणसे पुढे येतात, हे मेरीने दाखवले आहे.

शेवटी आल्प्सच्या डोंगरात साथ थांबते तेव्हा फक्त चौघे उरलेले असतात. त्यांतला लहान मुलगा तापाने जातो, दोघे समुद्रात बुडतात आणि व्हर्नी एकटा किनाऱ्याला लागतो. इथे कादंबरीतली मला सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट येते. कॅम्पवर आपल्याला जगण्याचे धडे देतात : निवारा, पाणी, आग, अन्न. व्हर्नीला यातले काहीच कमी नसते. रिकाम्या घरांत धान्य आहे, कपडे आहेत, झोपायला महाल आहेत. कमी आहे ते दुसरे माणूस. म्हणून तो वाटेतल्या गावांत तीन भाषांत निरोप लिहून ठेवतो की मी रोमला जातो आहे. रोममध्ये तो वाट पाहतो. कोणी येत नाही. मग तो घडलेले सारे लिहून काढतो, शेक्सपिअर आणि होमर यांची पुस्तके बोटीत ठेवतो आणि एका कुत्र्याला सोबत घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने माणूस शोधायला निघतो.

त्या काळच्या समीक्षकांनी कादंबरीवर सडकून टीका केली. पण साथीची भीती कल्पनेतली नव्हती. १८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेला कॉलरा आशियाभर पसरला होता. पुढच्या लाटेत, १८३१ मध्ये, तो इंग्लंडला पोहोचला आणि १८३२ मध्ये मेरीचा सावत्र भाऊ विल्यम त्यातच दगावला. कादंबरी प्रसिद्ध होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

मेरीने पुढे काय केले, ते मला तिच्या पुस्तकांइतकेच मोठे वाटते. सासरे सर टिमोथी शेली नातवासाठी थोडे पैसे देत, पण शेलीचे चरित्र लिहायचे नाही अशी त्यांची अट होती. मेरीने लेख, कथा, चरित्रे लिहून घर चालवले. मुलाला हॅरो शाळेत घातले आणि खर्च परवडावा म्हणून स्वतः त्या गावी राहायला गेली. पुढे तो केंब्रिजला शिकला. चरित्र लिहायला मनाई होती, म्हणून १८३९ मध्ये तिने पतीच्या कविता संपादित करून छापल्या आणि कोणती कविता कधी, कुठे, कशी लिहिली गेली याच्या टिपांमधून त्याचे आयुष्य सांगितले. अटही मोडली नाही आणि कामही झाले! शेली आज जगाला माहीत आहे, त्यात मेरीच्या या कष्टांचा मोठा वाटा आहे.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले. बोर्नमथ येथे तिचे दफन झाले आणि तिच्या आईवडिलांचे अवशेषही सेंट पँक्रसहून तिथेच आणण्यात आले. ‘द लास्ट मॅन’ शंभरहून अधिक वर्षे विस्मरणात राहिली आणि १९६५ मध्ये पुन्हा छापली गेली.

आपल्या शाळेच्या स्मारकावर जी नावे कोरलेली आहेत, त्या प्रत्येक नावामागे परत आलेला कोणीतरी सोबती असतो. त्यानेच घरच्यांना सर्व सांगितलेले असते, त्यानेच पुढे मुलांची चौकशी केलेली असते. वाचणे हा पुष्कळदा नशिबाचा भाग असतो. वाचल्यावर गेलेल्यांचे काम पुढे नेणे हे मात्र आपल्या हातात असते. मेरी शेलीने ते एकोणतीस वर्षे केले.