पाळक ओबर्लिन व पाषाणखोऱ्यांतील लहान मुलें

फ्रान्स देशाच्या पूर्वेस व्होज पर्वताच्या कुशींत एक लहानसें खोरें आहे. जर्मन भाषेंत त्याच्या नांवाचा अर्थ पाषाणखोरें असा होतो, आणि तें नांव त्याला अगदीं साजेसें होतें. जमीन खडकाळ, हिवाळा लांब व कडक, बाहेर जावयास धड रस्ता नाहीं, आणि लोक अतिशय दरिद्री. या खोऱ्यांतील वाल्डर्सबाख गांवीं १७६७ सालीं रेव्ह. योहान फ्रेडरिक ओबर्लिन हे पाळक म्हणून आले. त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजीं स्ट्रासबुर्ग शहरीं एका शिक्षकाच्या घरीं झाला होता. शहरांत राहून विद्वान म्हणून नांव मिळविणें त्यांस कठीण नव्हतें. परंतु ते या पांच गांवांच्या मंडळींत एकूण ५९ वर्षें राहिले.

त्यांच्या पूर्वींचे पाळक श्टूबर यांनीं तेथें शाळेच्या कामास आरंभ केलाच होता. ओबर्लिन यांनीं तें पुढें चालविलें. त्यांनीं रस्ता बांधावयाचें मनावर घेतलें, तेव्हां लोकांनीं तें अशक्य म्हणून सोडून दिलें. मग स्वतः पाळकच कुदळ खांद्यावर टाकून निघाले व लोक लाजून मागें आले. पूल झाला, बटाट्याचें पीक सुधारलें. या गोष्टी पुष्कळ ठिकाणीं सांगितल्या जातात, म्हणून आम्ही त्यांचा विस्तार करीत नाहीं.

आम्हांस सांगावयाचें आहे तें शाळेंत जाण्याच्या वयाचींही न झालेल्या मुलांविषयीं. आईबाप कामावर गेले म्हणजे तीन-चार वर्षांचीं मुलें दिवसभर कोणाच्या लक्षांत राहात नसत. आपल्या गांवांतही पेरणीकापणीच्या दिवसांत धाकटें भावंड कडेवर घेऊन बसलेली सात वर्षांची ताई कोणी पाहिली नाहीं? तिची शाळा बुडते, आणि कडेवरचें मूलही नुसतें सांभाळलें जातें, वाढविलें जात नाहीं.

बेलमों गांवीं सारा बॅन्झे नांवाची एक तरुण मुलगी शेजारपाजारचीं मुलें आपल्या घरीं गोळा करून त्यांस विणकाम शिकवीत असे. हें ओबर्लिन यांच्या कानीं आलें. साराच्या बापाला मात्र मुलीनें लोकांच्या पोरांत वेळ दवडावा हें पसंत नव्हतें. ओबर्लिन यांनीं त्याची समजूत घातली व १७६९ सालीं वेतन ठरवून तिला या कामावर नेमिलें. आमच्या मतें त्यांचा मोठेपणा येथेंच दिसून येतो. कल्पना त्यांची नव्हती. एका खेडवळ मुलीच्या हातून जें चाललें होतें त्याची किंमत त्यांनीं ओळखिली, व तें मंडळीचें काम मानिलें. किती पाळक व उपदेशक असें करितील?

पुढें इतर गांवींही अशा ऊबदार खोल्या उघडल्या. ओबर्लिन यांच्या पत्नी मादलेन सालोमे या शिक्षिकांस तयार करीत. मोठीं मुलें विणीत, लहानगीं जवळच खेळत. बाई चित्रें दाखवून शास्त्रांतील गोष्टी सांगत, झाडपाल्याचीं नांवें शिकवीत, गाणीं म्हणवून घेत. खोऱ्यांतील बोली बाहेर कोणास कळत नसे, म्हणून मुलांशीं शुद्ध फ्रेंच बोलत.

आजचें वैद्यकशास्त्र या कामाचें मर्म अधिक स्पष्ट करितें. जन्माच्या वेळीं मुलाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या सुमारें चौथा हिस्सा असतो, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास तो जवळजवळ नऊदशांश भरतो. या वर्षांत मुलाशीं कोणी बोललें, त्याच्या बोबड्या बोलास उत्तर दिलें, त्याच्याबरोबर खेळलें, म्हणजे मेंदूंतील तंतूंचे जोड दृढ होतात. सततचें भय, उपासमार व हेळसांड यांनीं ती वाढ खुंटते. हें शास्त्र ओबर्लिन यांस ठाऊक नव्हतें. परंतु शाळेंत येण्यापूर्वींच मूल घडतें किंवा बिघडतें हें ते जाणून होते.

सारा १७७४ सालीं तरुणपणींच वारली. १७८३ सालीं ओबर्लिन यांच्या पत्नीही निवर्तल्या व मागें सात मुलें राहिलीं. त्यांच्या घरीं पंधराव्या वर्षापासून काम करणारी लुईज शेप्लर हिनें घराचा भार उचलिला आणि बालशाळांचेंही काम पाहिलें. पुढें तिनें आपणांस कन्या समजावें व पगार देऊं नये अशी पाळकांस पत्रानें विनंती केली.

ओबर्लिन यांच्या सर्वच मतांशीं आम्ही सहमत नाहीं. स्वर्गांतील निवासस्थानांचा त्यांनीं चक्क नकाशा काढिला होता. तेथपर्यंत त्यांच्याबरोबर जाण्याचें आमचें धाडस नाहीं. क्रांतीच्या काळांत उपासनेवर बंदी आली व १७९४ सालीं त्यांस थोडे दिवस अटकेंत राहावें लागलें. मात्र त्याच वर्षीं राष्ट्रीय सभेनें फ्रेंच भाषेच्या प्रसाराबद्दल त्यांचा गौरवही केला! १ जून १८२६ रोजीं ते प्रभूकडे गेले. त्यांची कबर फूदे गांवीं आहे.

१८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें लुईजला सद्गुणाबद्दलचें ५,००० फ्रँकांचें मोंत्यों पारितोषिक दिलें, व बालशाळा काढण्याचा मानही तिलाच देण्यांत आला. तो तिनें पुष्कळ अंशीं मिळविलाच होता. परंतु बेलमोंच्या घरीं तीं पहिलीं मुलें विणकाम शिकावयास बसलीं, तेव्हां शेजारच्या बेलफोस गांवची लुईज स्वतः जेमतेम पांच वर्षांची होती. ती १८३७ सालीं वारली.